जुनं डायव्ह वॉच बनलं कधी आणि विकलं गेलं कधी, मधली वर्षं कशी मोजायची

जुन्या डायव्ह वॉचच्या, म्हणजे पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेल्या घड्याळांच्या, नादी लागलेल्या लोकांत एक भांडण कायम चालू असतं. कोणीतरी आपलं घड्याळ दाखवतो, सिरीयल नंबरवरून ते १९७५ चं निघतं आणि सोबतच्या वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का असतो १९७८ चा. झालं, लगेच चार जण तुटून पडतात, कागद खोटे आहेत, दुसऱ्याच घड्याळाचे आहेत, डब्बा नंतर जोडलाय. आणि ज्याचं घड्याळ असतं तो बिचारा खजील होऊन गप्प बसतो. मला याचं खरंच वाईट वाटतं कारण बहुतेक वेळा घड्याळ पण खरं असतं आणि कागद पण खरे असतात, फक्त मधली तीन वर्षं ते घड्याळ कुठल्यातरी दुकानाच्या खणात पडून होतं एवढंच.

म्हणून हे सविस्तर लिहितोय. बंद झालेलं मॉडेल दुकानात किती वर्षं विकलं जायचं याला एकच आकडा नाही, पण तुमच्या हातातल्या एका घड्याळापुरता तो आकडा काढता येतो, आणि काढायची पद्धत अवघड नाही.

सगळ्यात आधी डोक्यात तीन तारखा वेगळ्या करा. घड्याळ बनलं ती एक. ते मॉडेल कंपनीने बनवायचं बंद केलं किंवा कॅटलॉगमधून काढलं ती दुसरी. आणि गिऱ्हाईकाने पैसे मोजून मनगटावर चढवलं ती तिसरी. लोक या तिन्हीची एकच खिचडी करतात, "हे १९७७ ला बंद झालं" म्हणजे १९७७ नंतर कोणाला नवीन मिळालंच नाही असं धरून चालतात. अहो, कंपनी बनवणं बंद करते, पण कंपनीचा माणूस जगभरच्या दुकानांत जाऊन खण रिकामे करत नाही ना! दुकानदाराने एजंटकडून माल पैसे देऊन उचललेला असतो, परत घ्यायची सोय बहुतेक वेळा नसते, त्यामुळे विकला जाईपर्यंत तो तिथेच राहतो. आणि दुकानदाराच्या आधीही साखळी आहेच, कारखाना, मग त्या देशाचा एजंट, मग घाऊक व्यापारी, मग दुकान. प्रत्येक ठिकाणी माल काही महिने बसतो. म्हणजे मॉडेल चालू असतानासुद्धा बनणं आणि विकलं जाणं यात वर्षभराचं अंतर अगदी सहज पडतं, मग बंद झाल्यावरचं तर विचारूच नका.

डायव्ह वॉचच्या बाबतीत हे जास्त होतं, कारण हे घड्याळ सगळ्यांना लागणारं नव्हतंच. जाड, जड, शर्टाच्या बाहीत न मावणारं. १९६० आणि ७० च्या दशकात ऑफिसला जाणारा माणूस पातळ घड्याळ घ्यायचा. डायव्ह वॉच बरेचदा डायव्हिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात असायचं, फिन्स आणि रेग्युलेटरच्या शेजारी दोन-तीन पीस. अमेरिकेत डोक्साची घड्याळं यूएस डायव्हर्स या डायव्हिंगचं सामान विकणाऱ्या कंपनीमार्फत जायची, ब्लांपांची फिफ्टी फॅदम्स काही ठिकाणी अ‍ॅक्वा लंग हे डायव्हिंगच्या सामानाचं नाव डायलवर घेऊन विकली जायची. अशा दुकानांचा मुख्य धंदा घड्याळांचा नव्हताच, गेलं तर गेलं नाहीतर राहू दे तिथेच.

त्यात क्वार्ट्झ आलं, म्हणजे बॅटरीवर चालणारं घड्याळ. सेकोने २५ डिसेंबर १९६९ ला अ‍ॅस्ट्रॉन बाजारात आणलं तेव्हा ते भयंकर महाग होतं, त्याने लगेच काही फरक पडला नाही, पण दहा वर्षांत सगळं चित्र पालटलं. १९७८ ला सेकोचंच ७५४८ हे १५० मीटर खोलीपर्यंतचं क्वार्ट्झ डायव्हर, म्हणजे डायव्ह वॉचच, आलं. आता विचार करा, काउंटरवर एकीकडे जास्त अचूक, नवीन, बॅटरीवर चालणारं डायव्हर आणि दुसरीकडे पाच वर्षांपूर्वीचं ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं, गिऱ्हाईक काय उचलणार? तर ७० च्या दशकाच्या शेवटी बनलेली ऑटोमॅटिक डायव्हर ८० च्या दशकात विकली गेली असतील तर त्यात मला काहीच संशयास्पद वाटत नाही, उलट ते त्या काळाला धरूनच आहे.

पण उलटं पण होतं हे विसरू नका. अमेरिकन लष्करी तळांवरच्या दुकानात, ज्याला पीएक्स म्हणायचे, तिथे व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैनिकांनी सेको ६१०५ आणि झोडियाक सी वुल्फ ही घड्याळं खूप घेतली. तिथे माल येतोय आणि जातोय, खणात सडत नाही. अशा ठिकाणाहून आलेल्या घड्याळाची बनल्याची आणि विकल्याची तारीख जवळजवळ असायला हवी, आणि तिथे कोणी सहा वर्षांचं अंतर सांगत असेल तर मी जास्त प्रश्न विचारीन. म्हणजे किती वर्षं हे ठरतं कुठे विकलं गेलं त्यावर, मॉडेलवर त्यामानाने कमी.

आता कामाला लागू. पहिलं काम बनल्याची तारीख.

सेको सगळ्यात सोपं. मागच्या झाकणावर सिरीयल नंबर असतो, त्यातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना. जानेवारी ते सप्टेंबर १ ते ९, ऑक्टोबरला ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. ओ आणि शून्य सारखेच दिसतात, महिन्याच्या जागी असलं तर ऑक्टोबर समजा. म्हणजे ५डी ने सुरू झालेला नंबर असेल तर पाच साल, डिसेंबर. पण कुठलं पाच? १९६५, ७५ की ८५? दशक नंबरात लिहिलेलं नसतं, ते मॉडेलवरून काढायचं. ६१०५-८११० हे मॉडेल १९७० ते साधारण १९७७ पर्यंतच बनलं, म्हणून तिथे ५डी म्हणजे डिसेंबर १९७५, विषय संपला. पण ६३०९-७०४० घ्या, हे १९७६ पासून १९८८ पर्यंत बनलं. इथे ६, ७ किंवा ८ ने सुरू होणारा नंबर दोन दशकांपैकी कुठलाही असू शकतो, आणि इथेच लोक दहा वर्षांनी चुकतात. सेकोचंच एसकेएक्स००७ तर १९९६ ते २०१९ चाललं, तिथे ९ ने सुरू होणारा नंबर १९९९, २००९, २०१९ तिन्हीपैकी काहीही. त्यामुळे सेकोवर दुकानात किती वर्षं पडून होतं हे सांगण्याआधी दशक पक्कं केलंय ना हे स्वतःलाच विचारा.

दशक पक्कं करायला डायलवरची आणि झाकणावरची अक्षरं बघा. साधारण १९७० च्या आसपास सेकोने वॉटर प्रूफ लिहायचं सोडून वॉटर रेझिस्ट लिहायला घेतलं, कारण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९६८ च्या नियमांत घड्याळाला वॉटरप्रूफ म्हणायला हरकत घेतली होती. ६१०५ च्या डायलवर दोन्ही सापडतात, आधीच्यावर प्रूफ, नंतरच्यावर रेझिस्ट. बदलाच्या काळातल्या काही घड्याळांत पुढे एक आणि मागे दुसरं असंही सापडतं, ते दिसलं की घाबरू नका, कारखान्यात पण जुने सुटे भाग संपेपर्यंत वापरतातच.

रोलेक्सचं वेगळं. तिथे सिरीयल नंबर पट्टा काढल्यावर केसच्या बाजूला, दोन लग्जच्या (पट्टा जिथे अडकतो त्या टोकांच्या) मध्ये दिसतो आणि त्यावरून साल काढायचे तक्ते फिरत असतात, पण ते तक्ते लोकांनी जमवलेल्या घड्याळांवरून बनवलेत, एखादं वर्ष इकडे तिकडे होणारच, त्यांना पंचांग समजू नका. त्यापेक्षा चांगला पुरावा म्हणजे झाकणाची आतली बाजू. १९५० च्या दशकापासून १९७० च्या सुरुवातीपर्यंतच्या बऱ्याच झाकणांच्या आत तिमाही रोमन आकड्यात आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक ठोकलेले असतात, म्हणजे चौथी तिमाही आणि ६७ असं. आता हे झाकण बनल्याची तारीख आहे, घड्याळ जुळवल्याची नाही, झाकणं पण कारखान्यात पडून राहायची. ब्रेसलेटच्या, म्हणजे धातूच्या पट्ट्याच्या, क्लास्पवर (बंद करायच्या खिट्टीवर) पण खूण असते, आधी तिमाही आणि साल आकड्यांत, मग १९७६ पासून अक्षर, ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७ असं पुढे. क्लास्प केसपेक्षा वर्ष-दोन वर्षांनी नवीन असेल तर घड्याळ उशिरा बाहेर पडल्याची ती एक खूण असू शकते, पण लक्षात ठेवा, ब्रेसलेट ही सगळ्यात जास्त बदलली जाणारी वस्तू आहे, नुसत्या क्लास्पवर काही ठरवू नका. सबमरिनर ५५१३ सारखं मॉडेल तर १९६२ पासून १९८० च्या दशकाच्या शेवटापर्यंत चाललं, तिथे मॉडेल नंबरवरून काहीच कळत नाही, सिरीयल आणि डायल दोन्ही बघावं लागतं, कारण १९८४ च्या सुमाराला मॅट डायल जाऊन चकचकीत डायल आलं, ज्यात खुणांना पांढऱ्या सोन्याची कड आहे.

ओमेगा आणि लॉन्जिन्स या दोघांच्या बाबतीत कंपनीच्या जुन्या वह्या आपल्या मदतीला येतात आणि माझ्या मते याहून मोठा पुरावा नाही. ओमेगाच्या आर्काइव्हच्या उताऱ्यात बनल्याची तारीख आणि कुठल्या देशात पाठवलं ते असतं. लॉन्जिन्सच्या उताऱ्यात तर बिल कधी आणि कुठल्या एजंटच्या नावाने केलं ते लिहिलेलं असतं, अमेरिकेत गेलेल्या घड्याळांच्या उताऱ्यात विटनॉअर हे नाव वारंवार दिसतं, कारण ते तिथले एजंट होते. पण इथे पण तीच चूक होते! कंपनीने एजंटला बिल केलं ती तारीख म्हणजे गिऱ्हाईकाने घेतलं ती तारीख नव्हे. ती साखळीतली पहिली उडी आहे, अजून दोन-तीन उड्या बाकी आहेत. तरी तिचा फायदा असा की मोजायला पक्का आरंभ मिळतो, याच्या आधी विकलं गेलं असणं शक्यच नाही.

दुसरं काम, मॉडेल बंद कधी झालं. यासाठी जुने कॅटलॉग. सेकोचे जपानी कॅटलॉग बऱ्याच लोकांनी स्कॅन करून ठेवलेत, एकेक वर्षाचा काढा आणि आपला मॉडेल नंबर कुठल्या वर्षी पहिल्यांदा दिसतो आणि कुठल्या वर्षी शेवटचा दिसतो ते वहीत लिहा. यात दोन खाचखळगे आहेत. एक म्हणजे जपानच्या कॅटलॉगमधून गेलं म्हणजे निर्यात थांबली असं नाही, ६३०६ जपानसाठी आणि ६३०९ बाहेरच्यांसाठी असे वेगळे नंबर पण होते. दुसरं म्हणजे शेवटच्या कॅटलॉगात छापलं तेव्हा ते बनत होतं की उरलेला माल खपवत होते हे कॅटलॉग सांगत नाही. तर कॅटलॉगपेक्षा मी माझ्यापुरता सगळ्यात उशिराचा सिरीयल नंबर जास्त मानतो. लोकांनी दाखवलेल्या घड्याळांतले सगळ्यात शेवटचे नंबर गोळा केले की उत्पादन कुठे थांबलं ते बऱ्यापैकी दिसतं.

कॅटलॉगबरोबर जाहिराती बघा. अमेरिकेत स्किन डायव्हर नावाचं मासिक १९५१ पासून निघायचं, त्यातल्या डायव्हिंग दुकानांच्या जाहिराती म्हणजे खजिना आहे. कंपनीची जाहिरात सांगते कंपनीला काय विकायचंय, दुकानाची जाहिरात सांगते दुकानात काय शिल्लक आहे. कंपनीने नवीन मॉडेलची पानभर जाहिरात दिलेली असते आणि त्याच अंकात मागे बारीक अक्षरात एखादं दुकान जुनं मॉडेल कमी किमतीत काढत असतं. ही बारीक अक्षरंच आपल्याला हवी असतात.

आता तिसरं काम, विकल्याची तारीख, आणि खरी मजा इथेच आहे.

वॉरंटी कार्ड असेल तर आधी सिरीयल नंबर जुळवा. कार्डावर नंबर नाही किंवा रिकामा आहे तर ते कार्ड त्या घड्याळाचं आहे हे सिद्ध होत नाही, कितीही छान दिसलं तरी. जुनी कोरी कार्डं बाजारात वेगळी विकली जातात आणि नंतर भरली जातात, हे सगळ्यांना माहीत आहे तरी लोक फसतात. मग शिक्का वाचा. नुसती तारीख बघू नका, शिक्क्यातला पत्ता वाचा, फोन नंबर वाचा, पिनकोड वाचा. अमेरिकेत झिप कोड १ जुलै १९६३ ला सुरू झाले, म्हणजे १९६१ च्या कार्डावर पाच आकडी झिप कोड असलेला शिक्का असेल तर गडबड आहे. जर्मनीत चार आकडी पोस्टल कोड जाऊन पाच आकडी १ जुलै १९९३ ला आले. लंडनचा फोन कोड ०१ होता तो मे १९९० मध्ये ०७१ आणि ०८१ झाला, मग १९९५ मध्ये त्यात अजून एक १ घुसला. फ्रान्सचे नंबर ऑक्टोबर १९९६ मध्ये दहा आकडी झाले. या गोष्टी खोटं कार्ड बनवणारा बघत नाही. आणि उलटा फायदा पण आहे, कार्डावर तारीख पुसट झाली असेल पण शिक्क्यात पाच आकडी जर्मन कोड दिसत असेल तर तो शिक्का जुलै १९९३ नंतरचा, घड्याळ १९८६ चं असलं तर झाली ना निदान साडेसहा वर्षं! तसंच किमतीच्या चिठ्ठीवर युरो असतील तर १९९० च्या दशकात बनलेलं घड्याळ २००२ च्या आसपास किंवा नंतरही दुकानात होतं असं म्हणायला जागा आहे.

कागद नसतील तर घड्याळच बोलतं. झाकणाच्या आत घड्याळजी सुईने बारीक खुणा करतात, सर्व्हिस केल्याची तारीख किंवा स्वतःचा कोड. बाहेर कोणी नाव आणि तारीख कोरून घेतली असेल, निवृत्तीची किंवा लग्नाची, तर त्या तारखेपर्यंत ते नक्की विकलं गेलं होतं. ही झाली वरची मर्यादा. खालची मर्यादा बनल्याची तारीख. या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी विक्री झालीय, आणि हा पट्टा जितका अरुंद करता येईल तितकं आपलं काम झालं.

एक घड्याळ सांगतो म्हणजे हे नीट कळेल. मित्राने ६३०९-७०४० घेतलं, नंबर ८२ ने सुरू होणारा, सोबत एका दुकानाचं १९९० चं बिल. विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं की फेब्रुवारी १९८८ ला बनलेलं, दोन वर्षं शोकेसमध्ये होतं, १९९० ला विकलं, पहिल्या मालकाकडून थेट. ऐकायला अगदी बरोबर, मॉडेल १९८८ पर्यंत बनलं, दोन वर्षांचं अंतर, सगळं बसतंय. आम्ही ते घड्याळजीकडे घेऊन गेलो कारण तारखेचं चाक अडकत होतं. त्याने झाकण फिरवून काढलं, उलटं करून दिव्याखाली धरलं, आणि मी भिंग लावून बघतोय तर कडेला, गॅस्केटच्या (पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगच्या) खोबणीच्या आत, सुईने ओरखडलेलं ११-८४. मला क्षणभर कळलंच नाही, मग डोक्यात प्रकाश पडला. १९८४ च्या नोव्हेंबरात कोणीतरी हे झाकण उघडलं होतं, म्हणजे ८२ चा अर्थ फेब्रुवारी १९८८ नाहीच, फेब्रुवारी १९७८ आहे. आणि १९८४ ला घड्याळजीकडे गेलेलं घड्याळ १९९० ला नवीन कसं विकलं जाईल? बिल नीट वाचलं तर त्यावर फक्त कंपनीचं नाव आणि रक्कम, ना मॉडेल ना सिरीयल. ते बिल कुठल्यातरी दुसऱ्याच घड्याळाचं. एका ओरखड्याने दोन वर्षं शोकेसमध्ये पडून असल्याची गोष्ट कोसळली. मित्राला वाईट वाटलं, पण घड्याळ अस्सल होतं, आतलं मशीन पण त्याचंच, फक्त बिल वेगळं काढून ठेवलं आणि वहीत खरं काय ते लिहिलं.

यातून माझी एक सवय झाली, झाकण उघडून आत बघितल्याशिवाय मी कुठल्याही दुकानात पडून असलेल्या घड्याळाच्या गोष्टीवर हो म्हणत नाही. उघडणं मात्र घड्याळजीलाच करू द्या, डायव्ह वॉचचं झाकण घट्ट स्क्रूचं असतं, चुकीच्या हत्याराने एकदा घसरलं की खाचा कायमच्या जातात आणि जुनं गॅस्केट पण फाटतं.

रेडियमबद्दल थोडं. आपण मराठीत अंधारात चमकणाऱ्या सगळ्यालाच रेडियम म्हणतो, पण खरं रेडियम १९६० च्या दशकात घड्याळांतून गेलं आणि त्याच्या जागी ट्रिशियम आलं, मग १९९० च्या दशकाच्या शेवटी ट्रिशियम जाऊन ल्युमिनोव्हा आलं. स्विस डायलच्या तळाशी स्विस शब्दाजवळ टी हे अक्षर असेल तर ट्रिशियम. पुष्कळ लोक म्हणतात, खुणा किती पिवळ्या झाल्यात त्यावरून घड्याळ किती वापरलं ते कळतं. नाही कळत. ट्रिशियम दर १२.३ वर्षांनी निम्मं होतं, मग घड्याळ मनगटावर असो की डब्यात. पाच वर्षं दुकानात पडलेल्या घड्याळातलं सुमारे पाव ट्रिशियम गिऱ्हाईकाने हात लावायच्या आधीच गेलेलं असतं, आठ वर्षं पडलं तर तिसऱ्या भागाहून जास्त गेलेलं. म्हणजे खुणा बनल्याच्या तारखेपासून म्हाताऱ्या होतात, विकल्याच्या तारखेपासून नाही. विक्रीची तारीख काढायला त्या निरुपयोगी आहेत, पण डायल बदललंय का हे पकडायला एकदम उपयोगी, कारण १९८५ च्या घड्याळात ल्युमिनोव्हाचं डायल दिसलं तर ते नंतर सर्व्हिसमध्ये बसवलंय, दुकानात पडून राहिल्याने डायल बदलत नाही.

शोकेसमध्ये उन्हात राहिलेलं आणि खणात डब्यात राहिलेलं यातला फरक मात्र दिसतो. उन्हात राहिलेल्याचा बेझल (डायलभोवतीची फिरणारी रिंग) आणि डायल फिके पडतात पण लग्जच्या कडा धारदार राहतात, पट्ट्याच्या भोकांवर ताण नसतो. वापरलेल्यात उलट असतं, आधी कडा झिजतात, क्लास्पवर टेबलाचे घासे पडतात. कडा नव्या आणि रंग उडालेला असं दिसलं तर काचेमागे बरीच वर्षं काढली असण्याची शक्यता मी धरतो. डब्यात राहिलेल्याला वेगळा त्रास, जुन्या डब्यातला फोम कुजून चिकट होतो आणि झाकणावर तपकिरी थर बसतो, रबरी पट्टा ज्या आकारात गुंडाळला होता त्याच आकारात कडक होतो, सरळ केला की तडकतो. फोमचा तो थर पुसून टाकायच्या आधी फोटो काढून ठेवा, तो पण पुरावाच आहे.

मग शेवटी किती वर्षं मानायची? हा माझा स्वतःचा ठोकताळा आहे, बरीच घड्याळं आणि कागद बघून बनलेला. बनणं आणि विकणं यात दोन वर्षांपर्यंत अंतर असेल तर मी त्यावर विचारच करत नाही, ते रोजचं आहे. तीन ते पाच वर्षं, विशेषतः ७० च्या दशकातलं ऑटोमॅटिक असेल किंवा महागडं मॉडेल असेल तर मला पटतं, फक्त कार्डाचा सिरीयल आणि शिक्का बघतो. महागड्याचं उदाहरण म्हणजे ओमेगाचं प्लोप्रोफ, ६०० मीटरचं, १९७० ला आलं तेव्हा रोलेक्सच्या सबमरिनरपेक्षाही महाग होतं आणि दिसायला असं की कोणी सहज उचलणार नाही, असली घड्याळं सावकाश जायची. सहा ते दहा वर्षं असेल तर कार्डाशिवाय अजून एक वेगळा पुरावा हवाच, आर्काइव्हचा उतारा, जुनी जाहिरात, दुकानाची चिठ्ठी, काहीतरी. आणि दहाच्या वर असेल तर ते पडून राहिलेला जुना माल म्हणून वेगळंच प्रकरण आहे, बरेचदा दुकान बंद होताना किंवा मालक गेल्यावर वारसांनी खण उघडले तेव्हा बाहेर आलेलं. असं होतं, नक्की होतं, पण तिथे गोष्ट सांगणाऱ्याने पुरावा द्यायचा, ऐकणाऱ्याने नाही.

हे आजही चालू आहे, बघायचं असेल तर एसकेएक्स००७ बघा. २०१९ ला बंद झालं आणि त्यानंतरही दुकानांत नवीन पीस मिळत राहिले, ते पण सगळं कॉम्प्युटरवर असताना आणि लोक शोधून शोधून उचलत असताना. मग १९७७ ला, जेव्हा दुसऱ्या गावातल्या दुकानात काय शिल्लक आहे हे कोणालाच कळायचं नाही, तेव्हा माल किती काळ पडून राहत असेल!

घड्याळ विकताना किंवा नोंद ठेवताना तीन ओळी वेगळ्या लिहा, बनलं अमुक महिन्यात आणि ते कशावरून, मॉडेल साधारण कधी बंद झालं, विकलं गेलं कधी आणि ते कशावरून. कशावरून हे लिहायला विसरू नका, दहा वर्षांनी तुम्हालाच आठवणार नाही. आणि जे नुसतं तोंडी ऐकलंय त्यापुढे तोंडी असं स्पष्ट लिहा.

आणि एक महत्त्वाचं, पडून राहिलेलं घड्याळ नवं दिसतं म्हणून ते नवं नसतं. आतलं तेल सुकलेलं असतं, गॅस्केट कडक झालेलं असतं, एकदाही मनगटावर न चढलेलं १९७६ चं डायव्हर पाण्यात टाकलं तर ते वापरलेल्या घड्याळासारखंच पाणी पिणार. घेतल्या घेतल्या चावी देऊन तासन्‌तास चालवत पण बसू नका, सुक्या तेलावर मशीन घासतं. आधी सर्व्हिस, नवीन गॅस्केट, पाण्याच्या दाबाची टेस्ट, आणि सर्व्हिसला देताना घड्याळजीला सांगून ठेवा की झाकणाच्या आतल्या जुन्या खुणा पॉलिश करून घालवू नको.